आपल्याच मुलखातली ऐतिहासिक कादंबरी मुलांसोबत वाचताना

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी सहावीत आहे. देवगिरीच्या वेढ्यावरची एक किशोर कादंबरी तिने झपाट्याने वाचून काढली आणि ‘हे सगळं खरंच आपल्याकडे घडलं?’ म्हणून घर डोक्यावर घेतलं. तुम्ही लगेच रविवारी तिला किल्ल्यावर नेलं, तर तिथे ती हिरमुसली. पुस्तकातलं काहीच दिसत नाही म्हणाली. आता पुढचं पुस्तक कोणतं द्यावं, त्यातलं खरं-खोटं तिला कसं सांगावं आणि रझाकारांच्या, म्हणजे निजामी राजवटीच्या अखेरच्या काळावरची गोष्ट या वयात द्यावी की नाही, हे तुमचे प्रश्न. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात मुलांचा वाचनकट्टा चालवतो. मराठवाड्यातली पोरं मराठवाड्याच्या गोष्टी कशा वाचतात हे बरीच वर्षं जवळून पाहत आलोय, त्या जोरावर लिहितो.

आपल्या मुलांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक ऐतिहासिक गोष्टी रायगड, राजगड, पुणे, सातारा या पट्ट्यातल्या असतात. त्या वाचाव्यातच. पण त्यात आपलं मूल पाहुणं असतं, यजमान दाखवेल ते बघायचं आणि वाहवा करायची. गोष्ट देवगिरीची, पैठणची किंवा तेरची असली की तेच मूल घरचं होतं. चैतातल्या उन्हात दुपारी बारा वाजता रस्त्यावर कोण असतं आणि कोण नसतं, काळी माती पहिल्या पावसात पायाला कशी धरते, गोदावरीचं पात्र उन्हाळ्यात किती आत जातं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. कित्येकदा लेखकाला जे ठाऊक नाही ते या वाचकाला ठाऊक असतं. त्याला ते ज्ञान वापरू द्यावं. लेखकाशी वाद घालू द्यावा, त्याची पाठ थोपटू द्यावी, ‘इथे चुकलात’ म्हणू द्यावं. गावाजवळची गोष्ट वाचण्यात जी खास मजा आहे ती सगळी इथे आहे. बाकी मी पुढे जे लिहिलंय ते हे कसं जमवायचं याबद्दलच आहे.

आधी किल्ल्यावर काय बिनसलं ते बघू, कारण ते सगळ्यांचंच बिनसतं. तुमच्या मुलीने वाचली १२९६ सालची गोष्ट, अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीची. तिने किल्ल्यावर काय पाहिलं असेल? आत शिरताच तोफा, मग लांबूनच डोळ्यांत भरणारा चांदमिनार, वर चिनी महाल, मेंढा तोफ. यातलं एकही देवगिरीच्या तेव्हाच्या राजाने, रामदेवराव यादवाने पाहिलेलं नाही! चांदमिनार बहमनी काळातला, म्हणजे वेढ्यानंतर शतकाहून जास्त काळाने उभा राहिलेला. तोफा तर त्याहून पुढच्या. चिनी महालात औरंगजेबाने गोवळकोंड्याच्या अबुल हसन तानाशाहाला कैदेत ठेवलं, ती गोष्ट १६८७ नंतरची. पोरगी शोधत होती एक काळ आणि समोर येत होते चार-पाच काळ एकमेकांवर रचलेले. तिची निराशा अगदी बरोबर होती, तिची नजर चांगली आहे.

पुन्हा जा, पण यावेळी तिला एक काम द्या: जे जे नंतरचं आहे ते डोळ्यांनी पुसून टाकायचं. मिनार पुसायचा, तोफा पुसायच्या. मग काय उरतं? डोंगर उरतो, त्याचे तासलेले कडे उरतात, वरून दिसणारा मुलूख उरतो. भारतमाता मंदिरात जाऊन खांबांपाशी थांबा. ती वास्तू १३१८ च्या सुमारास कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात मशीद म्हणून बांधली गेली, खांब त्याहून जुन्या देवळांचे आहेत आणि १९४८ नंतर तिथे भारतमातेची मूर्ती आली. त्यातल्या एखाद्या खांबावर हात ठेवून तिला सांगा, तुझ्या पुस्तकातल्या पोराने हा खांब पाहिलेला असू शकतो. मग त्या पुस्तकातलं एखादं पान, फक्त एकच, तिथे बसून मोठ्याने वाचा. अख्खा किल्ला दाखवायचा हट्ट धरू नका. एक पान आणि एक जागा जुळली की पुरे. दिवाळीनंतर जा आणि सकाळी लवकर जा, अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत शिरायचं तर बॅटरी घ्या, वटवाघळांना घाबरत असेल तर आधी कल्पना द्या. अंधारीत गाइडला बोलू द्या, पण त्याआधी दोन मिनिटं बॅटरी विझवून नुसतं उभं राहा. पुस्तकातला अंधार आणि खरा अंधार यांची गाठ तिथे पडते.

आता खरं-खोटं. आमच्या कट्ट्यावर आम्ही पेन्सिलीने समासात खुणा करतो: ‘नों’ म्हणजे नोंद, ‘आ’ म्हणजे आख्यायिका, ‘क’ म्हणजे लेखकाची कल्पना. पहिल्या वाचनात अजिबात नाही, पहिलं वाचन गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा वाचायची इच्छा झाली तरच पेन्सिल हातात. खुणा चुकल्या तरी चालतात, वाद व्हायला हवा.

मिठाच्या गोण्यांचंच घ्या. देवगिरीच्या वेढ्यावरच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत हा प्रसंग असतो: स्वारी अचानक आली, किल्ल्यात धान्याचा साठा नव्हता, वाटेवर व्यापाऱ्यांनी टाकून दिलेल्या गोण्या धान्याच्या समजून घाईघाईने वर चढवल्या, आणि उघडल्या तेव्हा आत मीठ निघालं. आमच्या कट्ट्यावरची एक मुलगी, घरचं किराणा दुकान असलेली, फट्‍दिशी म्हणाली, ‘सर, मिठाची गोणी आणि ज्वारीची गोणी उचलताना कळत नाही का? मिठाची हाताला ओलसर लागते.’ यावर पोरं तासभर भांडली. घाईत कोण बघतो, असं एकाचं म्हणणं. गोण्या शिवलेल्या असतील, असं दुसऱ्याचं. हमालांना कळलं असेल पण सांगायची हिंमत झाली नसेल, असं तिसरीचं, आणि हे तिसरं मला फार आवडलं, त्यावर एक वेगळी कथा लिहिता येईल. भांडण झाल्यावर मी त्यांना सांगितलं की ही हकीकत फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथात आहे आणि फिरिश्ता लिहीत होता वेढ्यानंतर तीनशे वर्षांनी. तीनशे वर्षं! आज आपण शिवकाळाबद्दल लिहावं तितकं अंतर. मग पोरांनीच ठरवलं, समासात ‘नों’ नको, ‘आ’ लिहू. मी गप्प बसलो होतो. घाई करून निकाल आपण द्यायचा नसतो.

‘हे खरं आहे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणून टाकलं की मुलाचं कुतूहल तिथेच संपतं. त्याऐवजी ‘हे लेखकाला कुठून कळलं असेल?’ असं विचारून बघा. मूल लगेच कामाला लागतं.

याच वेढ्याच्या आधीचा एक प्रसंग किशोर कादंबऱ्यांत क्वचितच येतो आणि तुमच्या मुलीला तो नक्की सांगा. अल्लाउद्दीन एलिचपूरकडून, म्हणजे आजच्या अचलपूरकडून देवगिरीवर आला. वाटेत कान्हा नावाच्या यादवांच्या मांडलिकाने त्याला अडवलं आणि कान्हाच्या बाजूने दोन स्त्रियाही शर्थीने लढल्या, असं इसामी नावाचा कवी-इतिहासकार लिहितो. त्या दोघींविषयी त्याच्याकडे मोजक्याच ओळी आहेत. कादंबरीकाराने पाय रोवून उभं राहायचं ते अशा जागी, जिथे नोंद एवढीशी आणि तिच्याभोवती मोकळं रान. आणि हा इसामी स्वतः कोण? १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली, गावाचं नाव दौलताबाद ठेवलं, तेव्हा ज्यांना घरदार सोडून इकडे यावं लागलं त्यांतला हा एक. वय सोळाच्या आसपास. सोबत नव्वदीचे आजोबा, ते पहिल्याच मुक्कामाला, दिल्लीजवळच्या तिलपतला वारले. नातू पुढे दौलताबादला येऊन राहिला आणि १३५० मध्ये त्याने आपला ग्रंथ पुरा केला. दिल्लीचं पोर बळजबरीने आपल्या मुलखात आणलेलं, आपला उन्हाळा पहिल्यांदा सोसणारं. मला तर वाटतं मराठवाड्याच्या किशोर कादंबरीला याहून चांगला नायक शोधून सापडणार नाही. त्याच काळात इब्न बतूता दौलताबादला येऊन गेला. किल्ल्याच्या तळघरातल्या तुरुंगात मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात, असं त्याने लिहून ठेवलंय. लहान मुलांना हे वाक्य वाचून दाखवा आणि मग गंमत बघा.

जाणत्या मुलांना आणखी एक खेळ फार आवडतो, काळाची चूक शोधायचा. यादवकाळातल्या गोष्टीत आजीने नातवाला भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला की आमची पोरं ओरडतात. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आली, म्हणजे १४९८ नंतरच. रामदेवरावाच्या स्वयंपाकघरात तिखटपणा होता तो मिऱ्याचा आणि आल्याचा. भुईमुगाच्या शेंगा नाहीत, म्हणजे शेंगदाण्याची चटणीही नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मका नाही, तंबाखू नाही. दसऱ्याला दाराला झेंडूचं तोरण नाही, कारण झेंडूही मेक्सिकोकडचा. किल्ल्याच्या वाटेवर फड्या निवडुंगाचं कुंपण नाही. ज्वारी मात्र आहे, तूर आहे, तीळ आहे, ताक आहे. एका मुलाने यावरून यादवकाळच्या एका दिवसाचं जेवण लिहून आणलं होतं, भाकरी, तुरीचं वरण, तिळाची चटणी मिरं घालून. त्याच्या आईने ते करून डब्यात दिलं. आम्ही सगळ्यांनी चाखलं, चव वेगळी लागते.

हाच खेळ गावांच्या नावांचा. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, त्याच्या मुलाने, फतेहखानाने तिला फतेहनगर म्हटलं, औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाल्यावर औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. १३०० सालची गोष्ट सांगताना लेखक जर म्हणाला की नायक औरंगाबादहून निघाला, तर मुलाने पेन्सिल उचललीच पाहिजे. पण एक सांभाळा. हा खेळ चुका काढण्याचा असला तरी लेखकाला हिणवण्याचा होऊ देऊ नका. एखादी मिरची चुकली म्हणून पुस्तक वाईट ठरत नाही. लेखकाने माणूस चुकवला असेल, म्हणजे तेराव्या शतकातलं पोर आजच्या पोरासारखं आईबापाला तोंड वर करून बोलत असेल, घराबाहेर कुणालाही विचारल्याशिवाय चार दिवस भटकत असेल, तर ती चूक मोठी. ती मुलांना उशिरा दिसते. दाखवून द्यावी लागते.

तुम्ही मूळच्या पैठणच्या आहात असं लिहिलंय, तर पैठणच्या गोष्टी वाचताना एक गोष्ट सुरुवातीलाच नीट करून घ्या. मुलगी पैठणला जाते तेव्हा तिला नाथसागराचं अथांग पाणी दिसतं आणि तिच्या डोक्यात नाथांच्या काळचं पैठणही तसंच, त्या सागराच्या काठचं असतं. जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झालं. त्याआधी तिथे नदी होती, पावसाळ्यात दुथडी भरणारी आणि उन्हाळ्यात वाळवंट उघडं टाकणारी. नाथांनी गोदेच्या तापलेल्या वाळूत रडणारं मूल कडेवर उचलून घरी पोचवलं, तो प्रसंग तिने ऐकला असेलच. तो समजायला आधी ती वाळू डोळ्यांपुढे यावी लागते. धरणाच्या पाण्याकडे बघून ती येणार नाही. घरात धरणाआधीचं पैठण पाहिलेलं कुणी असेल तर पुस्तक वाचायच्या आधी तिला त्यांच्याजवळ बसवा.

नाथ लहानपणी देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकायला राहिले. स्वामी किल्लेदार. परंपरेत सांगतात की त्यांनी एकनाथाला हिशेबाचं काम दिलं होतं आणि एका पैची चूक सापडेपर्यंत पोर रात्रभर दिव्याशी बसलं. ही आख्यायिकाच, पण मुलांसाठी सोन्यासारखी. कारण किल्ल्याच्या गोष्टीत पोरगा आला की त्याच्या हाती तलवार दिलीच पाहिजे, अशी आपल्याकडे सवय झाली आहे. इथे किल्ल्यातलं एक पोर वह्या तपासतंय. खऱ्या किल्ल्यात अशीच पोरं जास्त असणार: हिशेब लिहिणारी, पाणी भरणारी, घोड्यांना चंदी घालणारी. ज्या पुस्तकात ही पोरं दिसतात ते पुस्तक मी लढाईच्या पुस्तकाआधी मुलांच्या हाती देतो.

आणि पैठणचं रेड्याच्या मुखी वेद? तुमच्या मुलीने ‘हे खरं का?’ विचारलं तर घाबरू नका. कादंबरीत बघायचं ते असं की, त्या पंगतीतली, त्या घाटावरची माणसं काय मानत होती, चार अनाथ भावंडांना शुद्धिपत्र मागायला पैठणला यावं लागलं म्हणजे काय झालं, गावाने त्यांना कसं वागवलं. ज्ञानेश्वरांचा जन्म पैठणजवळच्या आपेगावातला, १२७५ चा. म्हणजे ही भावंडं तुमच्या मुलीपेक्षा फार मोठी नव्हती. एवढं सांगितलं की ती त्या गोष्टीकडे वेगळ्या नजरेने बघेल. श्रद्धेचा भाग घरात जसा आहे तसा राहू द्या.

अजून मागे जायचं असेल तर तेरला जा. धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव गोरोबाकाकांचं म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या टिपणांत म्हटलंय की भडोच बंदरापासून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तिथून गाड्यांवर लादून, मोठ्या बिनरस्त्याच्या मुलखातून, पैठणचे अकीकासारखे दगड आणि तगरचं सुती कापड भडोचला जातं. हा मजकूर मुलाच्या हाती दिला आणि समोर नकाशा ठेवला की गोष्ट आपोआप सुरू होते. बैलगाडी दिवसाला वीस किलोमीटर धरा. भडोच ते पैठण जमतं का? पैठण ते तेर जमतं का? तेर पैठणच्या नेमकं पूर्वेला आहे का? नाही, आग्नेयेला आहे, आणि हे नकाशावर बोट ठेवून ज्या पोराने शोधून काढलं त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. त्या गाड्यांपैकी एका गाडीवर गाडीवानाचं पोर बसवा. कुठे मुक्काम, बैलांना पाणी कुठे, घाट कुठला उतरायचा? तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीत पॉम्पेईला, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती, या दोघींत सख्ख्या बहिणींसारखं साम्य आहे. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात तासभर काढलात तर सातवाहनकाळावरची कुठलीही कथा तुमच्या मुलीला परकी वाटणार नाही. तिथली मातीची खेळणी तिला आधी दाखवा, नाणी नंतर.

पुस्तक निवडायचं कसं, तर मी दुकानात उभा राहून तीन ठिकाणी उघडून बघतो. एक, मुलं काय खातात आणि पाणी कुठून आणतात ते लेखकाला माहीत आहे का. दुसरं, शत्रूच्या बाजूला एखादं तरी नाव असलेलं, चेहरा असलेलं माणूस आहे का. तिसरं, शेवटी लेखकाने दोन शब्द लिहून कुठलं इतिहासातलं आणि कुठलं आपलं हे सांगितलंय का. तिसरं असलं तर मी पुस्तक जवळजवळ डोळे झाकून घेतो. मराठवाड्यावरची किशोर पुस्तकं कमी आहेत, हे दुःख आहेच. वाचनालयात नुसतं ‘ऐतिहासिक’ कपाट बघू नका, चरित्रांत आणि संतकथांतही बघा, बऱ्याच चांगल्या गोष्टी तिथे दडलेल्या असतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, त्यात इतिहासावरच्या छोट्या कथा शोधता येतात.

मलिक अंबरवरचं काही मिळालं तर अवश्य द्या. हबशाणातलं, म्हणजे आजच्या इथिओपियातलं पोर, गुलाम म्हणून हातोहात विकलं गेलं, बगदादमार्गे दख्खनला आलं, इथे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झालं, मोगलांना वर्षानुवर्षं झुंजवलं आणि शहराला पाणी दिलं. शहाजीराजे १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने होते. तुमच्या संभाजीनगरात आजही जुने बंबे उभे दिसतात, मातीच्या नळांतून आलेलं पाणी चढवणारे. रोज शाळेत जाताना तुमची मुलगी कदाचित त्यातल्या एखाद्याजवळून जात असेल. मलिक अंबरची कबर खुलताबादला आहे, वेरूळच्या वाटेवर. एका दिवसात गोष्टीचा शेवट आणि सुरुवात दोन्ही बघता येतात.

मुलींसाठी शोधताना जरा जास्त हिंडावं लागतं. गंगाखेडची जनाबाई आहे, मुक्ताबाई आहे, आणि जवळच्या काळातल्या दगडाबाई शेळके आहेत, जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या, पुरुषी पोशाखात घोड्यावर बसून हैदराबादच्या निजामाविरुद्ध लढलेल्या. तिथून आपण तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो.

रझाकारांचा काळ द्यावा का? द्यावा, पण कोणत्या दाराने आत न्यायचं ते आपण ठरवावं. सहावीतल्या मुलीला जाळपोळीच्या, कत्तलीच्या वर्णनापासून सुरुवात नको. १९३८ पासून सुरुवात करा. त्या वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणायचा आग्रह धरला, ते बंद केलं गेलं, मुलं हटली नाहीत, लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं, शेकडोंना काढून टाकलं आणि त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. वाचणाऱ्या पोरापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी मुलं, शाळा-कॉलेज पणाला लावून उभी राहिलेली. हे या वयाला समजतं आणि अंगावर येत नाही. मग मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, लढणाऱ्यांचे सरहद्दीवरचे कॅम्प, आणि शेवटी १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. हिंसेची सविस्तर वर्णनं असलेलं पुस्तक आठवी-नववीपर्यंत थांबू द्या, आणि दिलं तर आधी स्वतः वाचा.

आणखी एक कटाक्षाने पाळा. तिच्या वर्गात मुसलमान मैत्रिणी असतील. रझाकार ही कासिम रझवीची संघटना होती, ती म्हणजे अख्खा समाज नव्हे, हे पुस्तकात नसेल तर तुम्ही सांगा. हैदराबादचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला, हे सांगा. पोलीस कारवाईनंतर आपल्याच भागात, उस्मानाबाद आणि नांदेडकडे, निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला आणि पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली, हेही ती मोठी झाल्यावर तिला कळायला हवं. मुक्तिसंग्रामातल्या माणसांचं मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. खरं ऐकलेलं मूल उलट त्यांना जास्त मानतं.

या काळाची एक सोय अशी की त्याचे पुरावे अजून घरात सापडतात. गावाकडच्या पेटीत जुनं खरेदीखत किंवा शाळेचा दाखला असेल तर बघा, त्यावर निजामी राजवटीतला फसली सन असेल. त्यात साधारण ५९० मिळवले की आपलं साल येतं. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८, नेमका तो काळ. मुलीला आकडेमोड करू द्या, उर्दू अक्षरं वाचणारं कुणी ओळखीत असेल तर त्यांच्याकडे घेऊन जा. निजामाचा हाली शिक्का कुणाकडे असेल तर चारमिनारचं चित्र असलेलं ते नाणं तिच्या हातात द्या. मग कादंबरीतला करोडगिरी नाका, म्हणजे जकात नाका, आणि तिथे हाली देऊन कलदार, म्हणजे इंग्रजी मुलखातला रुपया घेणारा माणूस तिला लगेच ओळखीचा वाटेल.

तो काळ पाहिलेली माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत. तुमच्या पैठणच्या गोतावळ्यात कुणी असेल तर ही दिवाळी चुकवू नका. मुलीला वही घेऊन बसवा, पण ‘रझाकार कसे होते?’ हा प्रश्न तिला पहिला विचारू देऊ नका. म्हातारी माणसं त्यावर एकतर गप्प होतात, नाहीतर भाषण देतात. शाळेत गुरुजी कोणत्या भाषेत शिकवायचे, डोक्यावर टोपी कुठली असायची, एका पैशाला किती गूळ मिळायचा, संध्याकाळी दिवा कधी विझवायचे आणि का, इथून सुरुवात करायला सांगा. दिव्याच्या प्रश्नावर बाकीचं ते आपण होऊन सांगतील.